लॅम्डा फाज आणि ई. कोलाय: सहउत्क्रांतीच्या प्रयोगात पाचव्या दिवशी फाज नाहीसा होतो

प्रश्न: सूक्ष्मदर्शी_कोल्हापूर

एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दोन विद्यार्थिनींसाठी सहा महिन्यांचा प्रकल्प आखला आहे. आधार आहे जस्टिन मेयर यांचं सहउत्क्रांतीवरचं काम, म्हणजे फाज (जिवाणूंना लागणारा विषाणू) आणि जिवाणू एकमेकांना उत्तर देत कसे बदलतात हे. मिशिगन स्टेट विद्यापीठात रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. सध्या मेयर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रात आहेत. लॅम्डा फाज एरवी जिवाणूच्या बाह्य पटलावरच्या लॅम-बी या एकाच प्रथिनाला चिकटतो. त्या प्रयोगात ९६ पैकी २४ फ्लास्कमधला फाज ओम्प-एफ या दुसऱ्या प्रथिनातून शिरायला शिकला.

आमची मांडणी अशी:

यजमान: ई. कोलाय के-१२ एमजी१६५५. शिवाय बीएल२१(डीई३) हाताशी आहे.
फाज: लॅम्डाचा फक्त पेशी फोडणारा प्रकार (लायसोजेन न करणारा, म्हणजे जिवाणूच्या डीएनएत दडून न राहणारा), आणि सांडपाण्यातून वेगळा केलेला एक.
माध्यम: नेहमीचं एलबी (जिवाणू वाढवण्याचं पोषक द्रव), लिटरला १० ग्रॅम मीठ. ५० मि.ली.च्या फ्लास्कमध्ये १० मि.ली., ३७ अंश, १२० फेरे.
दर २४ तासांनी ०.१ मि.ली. नव्या माध्यमात. सहा रांगा (रोज पुढे नेले जाणारे सहा फ्लास्क), सगळ्या एकाच ओव्हरनाइट कल्चरमधून सुरू केलेल्या.

अडचणी:
१. सांडपाण्याच्या फाजचा थेंब लॉनवर (प्लेटवरच्या जिवाणूंच्या सलग थरावर) टाकला की स्वच्छ वर्तुळ येतं, पण पातळ करून ओतल्यावर सुटे प्लाक (एकेका फाजने जिवाणू मारून पाडलेले ठिपके) दिसत नाहीत.
२. लॅम्डाचे प्लाक टाचणीच्या टोकाएवढे, आणि एकाच नमुन्याची मोजणी दोनदा केली तर आकडे जुळत नाहीत.
३. चौथ्या-पाचव्या दिवशी फाज पूर्ण नाहीसा. जिवाणू मजेत वाढतात.
४. समजा फाज नव्या प्रथिनातून शिरू लागला, तर ते सिद्ध कसं करायचं? आणि सहा रांगा पुरतील का?

प्रतिसाद १: मऊअगर

आधी प्लाकचं बघू. मोजणीवर विश्वास नसेल तर पुढचं सगळं वाया जातं.

थेंबाखालचं स्वच्छ वर्तुळ म्हणजे फाजच, असं नसतं. ते चार कारणांनी येतं. खरा फाज. कोलिसिनसारखं जिवाणूमारक प्रथिन. सांडपाण्यातले कोलाय ते सर्रास बनवतात. गाळणानंतर उरलेला क्लोरोफॉर्म. आणि एकाच पेशीवर इतके फाज एकदम चिकटणं, की आत काहीही न वाढता पेशीचं आवरणच फुटतं. यातला फरक पातळ करण्यातून कळतो. नमुना दहा-दहा पट पातळ करत आठ पायऱ्या करा आणि प्रत्येकीचा ५ मायक्रोलिटरचा थेंब एकाच लॉनवर ओळीने टाका. खरा फाज असेल तर पातळ थेंबांत वर्तुळ तुटून सुटे ठिपके दिसतात. कोलिसिन किंवा क्लोरोफॉर्म असेल तर वर्तुळ नुसतं फिकट होत जातं, ठिपके कधीच येत नाहीत. आवरण फुटण्याच्या प्रकारातही ठिपके येत नाहीत, कारण तिथे फाज त्या यजमानात वाढतच नाही. शेजारी नुसत्या बफरचा आणि क्लोरोफॉर्म लावलेल्या बफरचा असे दोन थेंब हवेतच. क्लोरोफॉर्म वापरला असेल तर वरचा द्रव दुसऱ्या नळीत घेऊन झाकण उघडं ठेवून ३७ अंशांवर अर्धा तास उडू द्या.

गाळण्याआधी सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर फिल्टर तुंबतो आणि जोर लावला की फाटतो. ०.२२ मायक्रॉनचा पीईएस पडदा चालतो. नायट्रोसेल्युलोज आणि नायलॉन फाजला धरून ठेवतात, टायटर (मिलिलिटरमागे फाजची संख्या) विनाकारण पडतो.

आता लॅम्डाचे बारीक प्लाक. लॅम-बी हे माल्टोज आत घेण्याचं दार आहे. माध्यमात माल्टोज नसेल तर पेशी ते थोडंच बनवते, आणि ग्लुकोज असेल तर आणखी कमी. म्हणून प्लाकसाठीचं यजमान कल्चर ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घातलेल्या माध्यमात वाढवायचं. हे फक्त मोजणीसाठी. उत्क्रांतीच्या फ्लास्कमध्ये माल्टोज घालू नका. पुढची कृती:

ओव्हरनाइट पेशी खाली बसवून १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये पुन्हा मिसळा. पातळ केलेला फाज ०.१ मि.ली. आणि पेशी ०.२ मि.ली. एकत्र करून ३७ अंशांवर १५ ते २० मिनिटं हलवू नका. मग ३ मि.ली. सॉफ्ट अगर, ०.६ ते ०.७ टक्के, ४५ ते ४८ अंशांवर. ५० च्या वर गेलं तर पेशी मरतात आणि लॉन विरळ येतो. ४२ च्या खाली गेलं तर गुठळ्या होतात आणि प्लाक गठ्ठ्याने दिसतात. नळी दोन्ही तळव्यांत फिरवून एका दमात ओता.

खालची प्लेट जाड हवी, ३० मि.ली.च्या पुढे, आणि ताजी. लॅम्डासाठी एलबीपेक्षा ट्रिप्टोन अगर बरा (लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम). एलबीत लॉन लवकर दाट होतो. पेशींची वाढ थांबली की लॅम्डाची वाढही थांबते, म्हणून प्लाक तेवढाच राहतो. प्लेट ओली असेल तर प्लाक एकमेकांत वाहतात. ओतण्याआधी झाकण तिरकं ठेवून २० मिनिटं लॅमिनार फ्लोमध्ये सुकवा.

मोजणी जुळत नाही याचं कारण बहुधा पिपेटची टिप. प्रत्येक पायरीला टिप बदलली नाही तर आधीच्या दाट द्रवातले फाज पुढे जातात आणि शेवटच्या नळ्यांत आकडा फुगतो. प्लेटवर ३० ते ३०० प्लाक असतील तेवढ्याच धरा. दहा लाख पट पातळ केलेल्या नळीतून ०.१ मि.ली. ओतून ८४ प्लाक आले, तर मूळ नमुन्यात मिलिलिटरला ८४ कोटी फाज. तीन प्लेटची सरासरी घ्या.

आणखी एक: तुमचा लॅम्डा खरंच 'फक्त फोडणारा' असेल तर प्लाकचा मधला भाग स्वच्छ दिसतो. मध्ये धुरकट वाढ दिसत असेल तर तो मूळ लॅम्डा आहे, काही पेशींना न फोडता तो त्यांच्या डीएनएत मुक्काम करतोय. तसं असेल तर प्रयोग तिथेच थांबवा. मुक्कामाला असलेला लॅम्डा त्या पेशीला पुढच्या लॅम्डापासून वाचवतो. ती प्रतिकारशक्ती लॅम-बी बदलल्याने आलेली नसते, तरी तक्त्यात 'प्रतिकारक' म्हणून चढते.

प्रतिसाद २: यजमान_पेशी

मऊअगर यांच्याशी सहमत. मी तिसरा प्रश्न घेतो, कारण खरी गोम माध्यमात आहे.

रोज शंभर पट पातळ करताय. फाज एकदाही वाढला नाही असं धरा. सुरुवातीला मिलिलिटरला १० कोटी असतील तर पहिल्या बदलीनंतर १० लाख, दुसऱ्या नंतर १० हजार, मग १००, मग १. पाचव्या बदलीनंतर अख्ख्या १० मि.ली. फ्लास्कमध्ये एकही फाज असण्याची शक्यता दहात एक. तुमच्या मोजणीची मर्यादाही बघा. न पातळ केलेला ०.१ मि.ली. ओतून एक प्लाक आला तर मिलिलिटरला १० फाज. त्याखालचं काहीच दिसत नाही, म्हणून चौथ्या दिवशीच 'नाही' अशी नोंद होते. फाज खरोखर संपला का हे बघायला फ्लास्कमधला १ मि.ली. गाळून ९ मि.ली. मूळ, संवेदनशील जिवाणूंत रात्रभर वाढवा आणि मग प्लाक बघा. संख्या कळणार नाही, पण आहे की नाही हे कळेल.

आता फाज वाढत का नाही? ओव्हरनाइट एलबी कल्चरच्या ०.१ मि.ली.मध्ये साधारण २० कोटी पेशी असतात. लॅम-बी घालवणारं किंवा दाबणारं म्युटेशन कोटीत एका पेशीत असेल असं धरलं, तरी वीसेक प्रतिकारक पेशी तुम्ही पहिल्याच दिवशी फ्लास्कमध्ये सोडल्या. फाजने बाकीच्या खाल्ल्या की यांना रान मोकळं. सकाळी कल्चर गढूळ दिसतं ते या पेशींचं. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये हेच दाखवलं होतं: प्रतिकारक पेशी फाज येण्याआधीच असतात, फाज त्यांना फक्त निवडतो.

यातून दुसरी चूक निघते, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. सहाही रांगा एकाच कल्चरमधून सुरू केल्यात, म्हणजे सहाही फ्लास्कमध्ये बहुधा तेच प्रतिकारक वंश गेले. या सहा स्वतंत्र रांगा नव्हेत, एकाच रांगेच्या सहा प्रती झाल्या. प्रत्येक रांग वेगळ्या सुट्या कॉलनीपासून, हजारेक पेशींनी सुरू करा. तेवढ्या पेशींत आधीपासूनचा प्रतिकारक असण्याची शक्यता नगण्य. मग जे म्युटेशन येईल ते त्या फ्लास्कमध्येच घडलेलं असेल. फाजही एका प्लाकपासून वाढवलेला हवा.

मेयर यांच्या प्रयोगातलं माध्यम एलबी नव्हतं. ते ग्लुकोज घातलेलं एम९ (फक्त क्षार आणि एक साखर असलेलं साधं माध्यम) होतं, आणि यजमान आरईएल६०६, म्हणजे ई. कोलायच्या बी वंशातला. दोन्ही निवडींना अर्थ आहे.

ग्लुकोजमध्ये लॅम-बी आधीच विरळ. तिथल्या जिवाणूंनी प्रतिकार मिळवला तो बहुतेक वेळा माल-टी या जनुकातल्या म्युटेशनने. माल-टी हे लॅम-बी चालू करणारं नियंत्रक. ते बिघडलं की दारं जवळजवळ नाहीशी होतात, पण अगदी थोड्या पेशींत ती अधूनमधून उमटतच राहतात. त्या मूठभर पेशींवर फाज तग धरतो. संपत नाही आणि माजतही नाही, अशा अवस्थेत दिवस जातात आणि नवं दार उघडू शकणाऱ्या फाजला मोठा फायदा मिळतो. फाज पुसला गेला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

ओम्प-एफचंही बघा. पाण्यात मीठ वाढलं की कोलाय ओम्प-एफ कमी करतो आणि ओम्प-सी हे त्याच्यासारखंच दुसरं छिद्र-प्रथिन वाढवतो. लिटरला १० ग्रॅम मिठाच्या एलबीत तुम्ही नवं दारच अर्धं लावून घेतलंय. बी वंशात ओम्प-सी बनतच नाही आणि ओम्प-एफ भरपूर असतं. तेव्हा एमजी१६५५वर, एलबीत, तोच निकाल यावा अशी अपेक्षा धरू नका. नाही आला तर त्यावरून मूळ कामाविरुद्ध निष्कर्षही काढता येणार नाही.

एम९ बनवताना: मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि ग्लुकोज तिन्ही वेगवेगळे निर्जंतुक करा. फॉस्फेट असलेल्या बाटलीत कॅल्शियम आधी घालून ऑटोक्लेव्ह केलं तर पांढरा साका बसतो आणि फाज त्याला चिकटून खाली जातो. थंड झाल्यावर आधी मॅग्नेशियम, शेवटी कॅल्शियम थेंबाथेंबाने, हलवत.

सूक्ष्मदर्शी_कोल्हापूर

आभार. पातळ करण्याची आठ थेंबांची चाचणी लावली. सांडपाण्याच्या नमुन्यात चौथ्या थेंबापर्यंत वर्तुळ, पाचव्यापासून नुसतं फिकट, ठिपके नाहीत. म्हणजे कोलिसिन असावं. लॅम्डाचे प्लाक ट्रिप्टोन अगरवर स्वच्छ आणि मोठे आले.

दोन प्रश्न. बी वंश हवा तर बीएल२१(डीई३) वापरू का? आणि प्रतिकारक कॉलनीत माल-टी बिघडलंय की लॅम-बीच, हे सिक्वेन्सिंगशिवाय कळेल का? प्रत्येक कॉलनीचं सिक्वेन्सिंग परवडणारं नाही.

प्रतिसाद ३: प्रथिनद्वार

बीएल२१(डीई३) या प्रयोगात नको. नावातला 'डीई३' हा जीनोममध्ये बसवलेला लॅम्डाचाच अवतार आहे, टी७ पॉलिमरेज बनवण्यासाठी घातलेला. त्याची प्रतिकारशक्तीची यंत्रणा २१ नावाच्या फाजची आहे, त्यामुळे तुमचा लॅम्डा त्यात वाढेलही. पण आतल्या लॅम्डाशी त्याच्या डीएनएची अदलाबदल होऊ शकते. शिवाय पुढे फाजच्या 'जे' (J) नावाच्या जनुकाचं पीसीआर कराल तेव्हा यजमानाच्या डीएनएतली लॅम्डाची प्रतही वाढेल आणि सिक्वेन्समध्ये दुहेरी शिखरं दिसतील. साधा बीएल२१, डीई३ नसलेला, चालेल. आरईएल६०६ आणि बीएल२१ एकाच बी वंशाच्या फांद्या आहेत. पुण्याच्या एनसीआयएम आणि चंडीगडच्या एमटीसीसी या संग्रहांच्या याद्या तपासा. कोणताही के-१२ घेताना तो लॅम्डा-मुक्त आहे ना हे विचारा. मूळ के-१२मध्ये लॅम्डा मुक्कामाला होताच. एस्थर लेडरबर्ग यांना तो तिथेच सापडला. एमजी१६५५मधून तो काढून टाकलेला आहे.

माल-टी की लॅम-बी, यासाठी मॅकॉन्की माल्टोज अगर वापरा: लॅक्टोजऐवजी १ टक्का माल्टोज घातलेला मॅकॉन्की (साखर वापरणारी कॉलनी ज्यावर लाल होते तो अगर). माल-टी बिघडलेली पेशी माल्टोज वापरूच शकत नाही, कॉलनी फिकट राहते. नुसतं लॅम-बी गेलेली पेशी मात्र एवढ्या दाट माल्टोजवर लालच येते, कारण साखर इतर छिद्रांतूनही शिरते. लॅम-बीची गरज माल्टोज अगदी विरळ असताना लागते. म्हणून 'लाल म्हणजे संवेदनशील' असं समजू नका. लाल आणि तरी प्रतिकारक अशी कॉलनी दिसली तर लॅम-बीवर किंवा आणखी पुढच्या टप्प्यावर संशय घ्या.

तो पुढचा टप्पा महत्त्वाचा आहे आणि वर कुणी बोललं नाही. लॅम्डाचा डीएनए आतलं पटल ओलांडतो तो मॅन-एक्सवायझेड या मॅनोज वाहतुकीच्या प्रथिनांच्या आधाराने. मेयर यांच्या काही फ्लास्कमध्ये जिवाणूंनी तिथे म्युटेशन केलं. बाहेरचं दार कुठलंही असो, आतल्या उंबऱ्यावर फाज अडला. अशा फ्लास्कमध्ये ओम्प-एफ वापरणारा फाज वर येऊ शकला नाही, कारण नवं दार सापडूनही हाती काही लागणार नव्हतं. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच. फाजकडे कोणती म्युटेशनं आहेत एवढ्यावर निकाल ठरला नाही. यजमानाने आधी काय केलं यावर ठरला. तेव्हा फक्त फाज गोठवून ठेवू नका, त्याच दिवसाचे जिवाणूही ठेवा. जिवाणू नसतील तर 'या रांगेत का घडलं नाही' याचं उत्तर कधीच मिळणार नाही.

प्रतिकारक कॉलनी घेताना तिला चिकटलेला फाज सोबत येतो. लागोपाठ तीनदा रेघा ओढून सुटी कॉलनी घ्या, मगच चाचणी करा. दुसऱ्या रेघेवर कॉलनीच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर फाज अजून आहे.

आता पुरावा. कोलायच्या प्रत्येक अनावश्यक जनुकाला एकेक करून काढलेला कीओ संग्रह आहे, के-१२ बीडब्ल्यू२५११३ वर बनवलेला, कॅनामायसिन खूण असलेला. त्यातले दोन मागवा: लॅम-बी नसलेला आणि ओम्प-एफ नसलेला. रोजच्या गाळलेल्या नमुन्याचा थेंब लॅम-बी नसलेल्या लॉनवर टाका. प्लाक दिसला की:

तो टूथपिकने उचला, त्याच यजमानावर तीनदा एकेका प्लाकपासून शुद्ध करा. मग त्याचा टायटर तिन्ही लॉनवर एकाच दिवशी काढा: मूळ, लॅम-बी नसलेला, ओम्प-एफ नसलेला. लॅम-बी नसताना प्लाक येतात आणि ओम्प-एफ नसतानाही येतात, तर फाज दोन्ही दारं वापरतोय. दोन्ही प्रथिनं नसलेल्या पेशीवर येत नाहीत हे दाखवलं की साखळी पूर्ण होते. ते दाखवल्याशिवाय 'ओम्प-एफ' हे नाव लिहू नका. तिसरंच एखादं दार असू शकतं. चाचणीचा टायटर भागिले मूळ यजमानावरचा टायटर हा आकडा प्रत्येकासाठी द्या. नुसतं 'प्लाक आले' पुरेसं नाही.

शेवटी 'जे' जनुक. शेपटीच्या टोकाचं, यजमान ओळखणारं प्रथिन हे बनवतं. जनुक साधारण ३,४०० बेसचं आहे. दार बदलणारी म्युटेशनं त्याच्या शेवटच्या भागात येतात, म्हणून शेवटचे हजारेक बेस दोन सँगर वाचनांत झाकले की काम भागतं. २०१२च्या कामात ओम्प-एफ वापरायला या जनुकात चार म्युटेशनं लागली. तीन असलेला फाज ते करू शकत नव्हता. तेव्हा एक-दोन म्युटेशनं दिसली आणि नवं दार नाही, तर त्याला अपयश म्हणू नका. ती वाटेतली पायरी असू शकते. अशी म्युटेशनं आधी टिकली ती लॅम-बीला चिकटण्यात फायदा देत होती म्हणून. तोही फरक मोजता येतो: मिलिलिटरला १० कोटी पेशींत थोडा फाज टाकून दर दोन मिनिटांनी नमुना घ्यायचा, लगेच थंड बफरमध्ये पातळ करून पेशी खाली बसवायच्या आणि वर मोकळा उरलेला फाज मोजायचा.

प्रतिसाद ४: मऊअगर

प्रथिनद्वार यांच्या कीओच्या मुद्द्यात एक भर: कॅनामायसिन फक्त कल्चर वाढवताना घाला, प्लाकच्या प्लेटमध्ये नको. आणि थेंबाच्या चाचणीत नमुना क्लोरोफॉर्म लावून किंवा गाळूनच घ्या, नाहीतर फ्लास्कमधले जिवाणू लॉनवर वाढून ठिपका झाकतात.

सांडपाण्याचा फाज पुन्हा काढायचा असेल तर ५० मि.ली. सांडपाणी गाळून त्यात दुप्पट दाट एलबी ५० मि.ली., तुमचा यजमान १ मि.ली. आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालून रात्रभर वाढवा. दुसऱ्या दिवशी गाळून थेट प्लाक काढा, थेंबावर अवलंबून राहू नका. तीनदा शुद्ध केल्याखेरीज त्याला नाव देऊ नका. हातमोजे, झाकणबंद सेंट्रिफ्यूज नळ्या आणि वापरलेलं सगळं १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह. टेबल १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने, १० मिनिटं ओलं ठेवून पुसा. नुसत्या स्पिरिटने फाज जातो असं गृहीत धरू नका. सांडपाण्यात टी१सारखे फाज असतात, ते सुकूनही जिवंत राहतात आणि हवेतून पसरून शेजारच्या प्रयोगशाळेतलं क्लोनिंग बंद पाडतात. दोन्ही प्रयोगांना वेगळं पिपेट, वेगळा इनक्युबेटर द्या.

प्रतिसाद ५: रांगा_आणि_गोठण

सहा रांगा पुरतील का, याचा हिशोब सोपा आहे. मूळ कामात ९६ला २४, म्हणजे चारात एक. तुमचा यजमान आणि माध्यम तेच असतील असं धरलं, तर सहा रांगांत एकही यश न येण्याची शक्यता ०.७५चा सहावा घात, साधारण १८ टक्के. बारा रांगांत ती ३ टक्क्यांवर येते. बारा करा. शिवाय दोन रांगा फक्त जिवाणूंच्या, फाजशिवाय. जिवाणूत दिसलेला बदल फाजमुळे आला की नुसत्या एम९मध्ये रोज वाढल्यामुळे, हे त्यावरून वेगळं करता येतं. फाज नसलेल्या रांगा रोज लॉनवर तपासा. त्यांच्यात प्लाक दिसला तर बदलीच्या वेळी शिंतोडे उडताहेत. त्या आठवड्यातल्या सगळ्याच रांगा संशयित.

फाज टिकवण्यासाठी काहीजण रोज ताजे संवेदनशील जिवाणू घालतात. फाज टिकतो, पण यजमानाला बदलायची संधी मिळत नाही. ती एकतर्फी उत्क्रांती झाली. तिला सहउत्क्रांती म्हणून अहवालात लिहू नका. फाज संपतच असेल तर बदली शंभरऐवजी वीस पटीने करून बघा, म्हणजे ९.५ मि.ली. माध्यमात ०.५ मि.ली.

गोठवणं: दर दोन दिवसांनी अख्ख्या फ्लास्कमधला १ मि.ली., अंतिम १५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर. उणे ८० नसेल तर जिवाणू ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांवर काही महिने राहतात. फाज वेगळा ठेवायचा असेल तर गाळून एसएम बफरमध्ये ४ अंशांवर. बफर असं: मीठ १०० मिलिमोलर, मॅग्नेशियम सल्फेट ८, ट्रिस ५० (पीएच ७.५), जिलेटिन ०.०१ टक्के. लॅम्डासाठी वर क्लोरोफॉर्मचा एक थेंब चालतो. चरबीचं आवरण असलेल्या फाजना तो मारतो.

गोठवलेल्या नमुन्यांतून काळ ओलांडणारी चाचणी करा. दिवस ४, ८, १२, १६ आणि २० यांचे फाज आणि याच दिवसांचे जिवाणू घ्या. प्रत्येक दिवसाच्या १० जिवाणू कॉलनी, प्रत्येक दिवसाचे १० फाज प्लाक. प्रत्येक जोडीचा थेंब टाकला तर एका रांगेचे २,५०० थेंब होतात. चौकोनी प्लेटवर बहुवाहिनी पिपेटने दोन विद्यार्थिनींना आठवड्यात जमेल, पण बाराही रांगांसाठी नाही. दोन रांगा निवडा: एक जिच्यात फाजने नवं दार मिळवलं, एक जिच्यात नाही. फाज आधीच्या दिवसांच्या जिवाणूंना मारतो आणि पुढच्या दिवसांच्या जिवाणूंपुढे हरतो, असा तिरका पट्टा तक्त्यात दिसला तर दोघं एकमेकांच्या मागे धावताहेत. पट्टाच नाही, सगळे दिवस सारखेच, तर बदल एकदाच घडून थांबला.

हे सगळं औषधाच्या दृष्टीने कुठे जातं, हे तोंडी परीक्षेत नक्की विचारतील. मेयर यांच्याच गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की २८ दिवस जिवाणूंसोबत उत्क्रांत होऊ दिलेला लॅम्डा मूळ लॅम्डापेक्षा जिवाणूंना जास्त दाबून ठेवतो आणि प्रतिकार उशिरा येतो. मात्र ते प्रयोगशाळेतला कोलाय आणि लॅम्डा यांच्यावरचं काम आहे. त्यावरून रुग्णाच्या मूत्रमार्गातल्या जिवाणूबद्दल विद्यार्थिनींनी ठाम विधान करू नये.

पहिल्या आठवड्यात उत्क्रांती सुरूच करू नका. एकाच नमुन्याचा टायटर तीन दिवस, दोन वेगळ्या हातांनी काढा. सगळे आकडे एकमेकांच्या दीडपटीच्या आत आले की मग बारा फ्लास्क लावा.

सूक्ष्मदर्शी_कोल्हापूर

साधा बीएल२१, ग्लुकोज एम९, बारा अधिक दोन रांगा, सुट्या कॉलनीपासून सुरुवात असं ठरवतोय. टायटरचा आठवडा सोमवारपासून. मॅकॉन्की माल्टोजच्या प्लेट कॉलनींच्या फोटोंसह इथेच टाकेन. लाल आणि तरी प्रतिकारक अशी कॉलनी मिळाली तर मॅन-एक्सवायझेडसाठी मॅनोज घातलेला मॅकॉन्की चालेल का, ते प्रथिनद्वार यांनी सांगावं.

प्रतिसाद ६: प्रथिनद्वार

चालेल, १ टक्का मॅनोज घाला. मॅन-एक्सवायझेड बिघडलेली पेशी मॅनोजवर फिकट येते. पण सगळी म्युटेशनं वाहतूक पूर्ण बंद करत नाहीत. गुलाबी छटेच्या कॉलनी वेगळ्या काढून ठेवा. सोबत मूळ बीएल२१ आणि कीओमधला मॅन-झेड नसलेला असे दोन्ही त्याच प्लेटवर लावा. रंग १८ तासांनी वाचा. २४ तासांच्या पुढे फिकट कॉलनीही शेजारच्या आम्लामुळे रंगू लागतात.